झोंबीपट आणि तृतीय पुरुष

आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. साथीच्या तिसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत त्या दिवसांत निम्म्याच आसनांना परवानगी होती. एक खुर्ची सोडून बसलेल्या प्रेक्षकांनी, माणसाला माणसाचा दंश होऊन पसरणाऱ्या रोगाची ती गंमतीदार भीतिकथा पाहिली. मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि तो अवाजवी नव्हता. तथापि भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते ते त्याच्या नावाकडे. ‘डोंबिवली’च्या आद्याक्षरात केलेला हा बदल केवळ कोटी म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ‘झोंबी’ हा शब्द मराठीला परका नाहीच. अंगाला अंग भिडवून केलेली झटापट म्हणजे झोंबी. आनंद यादव यांच्या १९८७ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे तेच नाव आहे. थंडी झोंबते, मिरची झोंबते, एखाद्याचे बोलणेही झोंबते. अटलांटिकपलीकडून आलेला शब्द आणि घरचा शब्द यांचा काडीमात्र संबंध नसताना दोघांचा उच्चार एक झाला आणि आलेल्या पाहुण्याला अर्थाची बसकण आयती मिळाली.

मूळ शब्दाचा प्रवास येथे थोडक्यात सांगणे पुरे. पश्चिम-मध्य आफ्रिकेतील किकोंगो भाषेत ‘न्झांबी’ म्हणजे देव आणि ‘झुंबी’ म्हणजे मंतरलेली वस्तू. या दोहोंपैकी कोणता शब्द जनक मानावा याविषयी मतभेद आहेत. गुलामांच्या जहाजांतून तो हैतीला गेला. तेथे त्याला आलेला अर्थ असा की, मांत्रिकाने मेलेल्या माणसाला उठवून बिनबोभाट राबणारा मजूर करावा. विल्यम सीब्रुक यांच्या १९२९ सालच्या ‘द मॅजिक आयलंड’ या प्रवासग्रंथात हे मजूर अमेरिकी मालकीच्या साखर कंपनीच्या उसात राबताना दाखविले आहेत. त्या काळी हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता, हे विसरून चालणार नाही. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’ या बोलपटातही साखरेचा घाणा आहे. एक मजूर त्या घाण्यात पडतो, आणि बाकीचे मान न वळवता काम करीत राहतात. गळीत हंगामात गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्या पाहिलेल्या सोलापूर जिल्ह्यातील प्रेक्षकाला, जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबांनी घड्याळे लावली त्या घरांतील प्रेक्षकाला, हे दृश्य पाहताना फारशी टीप लागू नये. हैतीतील समजुतीप्रमाणे अशा मजुराच्या तोंडात मीठ पडले की त्याला आपण मेलो आहोत हे आठवते व तो थडग्याकडे चालू लागतो. मराठीत मीठ खाल्लेला माणूस मालकाशी इमान राखतो, म्हणजे मिठाला जागतो. तेथे तो स्वतःच जागा होतो.

झोंबीपटाच्या थोरवीची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी होते. एका पक्षाला रक्तमांसाचे कसब महत्त्वाचे वाटते: रंगभूषा कशी, गर्दी किती, मढी धावणारी की फरफटत चालणारी. दुसऱ्या पक्षाला रूपक हवे असते. झोंबी म्हणजे भांडवलशाही, झोंबी म्हणजे वंशद्वेष, झोंबी म्हणजे साथ, आणि रूपक जितके व्यापक तितका चित्रपट थोर. विद्यापीठांतील चर्चासत्रे बहुधा दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात असतात. रूपकाची कसोटी मुळातच ढिली आहे, कारण मुकी आणि चेहरा हरवलेली गर्दी ही कशाचेही रूपक होऊ शकते; अगदी सुमार चित्रपटातील गर्दीसुद्धा. दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक साधी गोष्ट निसटते. झोंबी बोलत नाही, आणि त्याच्याशी बोलता येत नाही. थोर झोंबीपट आणि सामान्य झोंबीपट यांतील अंतर याच वैगुण्याचा उपयोग कोण कसा करतो यावर ठरते.

ही गोष्ट नीट कळण्यासाठी मराठी भुताखेतांकडे वळले पाहिजे. मुंजा, हडळ, जखीण, समंध, खवीस, वेताळ, देवचार: ही नामावली म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची नोंदवही आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. इस्टेटीत जीव अडकलेला समंध होतो. प्रत्येक नामात एक चरित्र दडलेले असते आणि प्रत्येकाची एक मागणी असते. म्हणूनच झाड धरलेल्या माणसापुढे बसून भगत पहिला प्रश्न विचारतो तो ‘तू कोण?’ हा. मग गाव विचारतो, मग काय हवे ते विचारतो, आणि उताऱ्याचा सौदा ठरतो. ‘अंगात येणे’ या वाक्प्रचाराचा अर्थच असा की, आलेले तोंड उघडणार. वेताळाची तर बातच सोडा. प्रेतात शिरलेला हा प्राणी विक्रमाच्या खांद्यावरून एकामागून एक गोष्टी सांगतो आणि शेवटी राजालाच प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हायची. भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध चालते प्रेत हे असे वाचाळ व न्यायप्रिय आहे.

या मुलुखात झोंबी येतो तो संवादाच्या या साऱ्या व्यवस्थेला निरर्थक करीत. त्याला नाव नाही, गाऱ्हाणे नाही, उतारा नाही. ‘झोंबिवली’तील गाण्याचे नाव ‘अंगात आलंया’ असे आहे. ते ऐकताना मौज वाटते ती यामुळे की, झोंबीच्या अंगात काहीही आलेले नसते. असलेले निघून गेलेले असते. त्याच दिग्दर्शकाने २०२४ साली ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट केला, आणि देशी भूत पडद्यावर येताच ते बोलू लागले, लग्नाचा हट्ट धरू लागले. दोन्ही चित्रपट हसवीत घाबरवतात, तरीही पहिल्यातील भीती आणि दुसऱ्यातील भीती यांची जात निराळी आहे.

आता व्याकरणाकडे. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९४६ च्या एका निबंधात असे दाखविले की, ‘मी’ आणि ‘तू’ हेच खरे पुरुष होत. ज्याला तृतीय पुरुष म्हणतात तो वस्तुतः पुरुषच नव्हे, ते अ-पुरुषाचे रूप आहे. अरबी वैयाकरण त्याला ‘गायब’, म्हणजे अनुपस्थित, म्हणतात, याचाही दाखला त्यांनी दिला आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या भूमिका क्षणोक्षणी बदलू शकतात. ‘तो’ किंवा ‘ते’ यांना मात्र त्या आलटापालटीत प्रवेश नसतो. समोर उभा असलेला माणूस डोळ्यांदेखत ‘तू’चा ‘ते’ होतो, हाच झोंबीपटाचा मूळ प्रसंग होय. मराठीत या प्रसंगाला एक जादा धार आहे. भूत, पिशाच, प्रेत, मढे, कलेवर हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. (मुडदा आणि मृतदेह पुल्लिंगी आहेत हे खरे; पण ‘मेल्या’, ‘मुडद्या’ ही संबोधने मराठी बायका सहसा जिवंत माणसालाच, आणि पुष्कळदा मायेने, बहाल करतात.) लेखी मराठीत ‘ते आले’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. ते मढे आले, हा एक. ते लोक आले, हा दुसरा. आणि आदरार्थी बहुवचनाने, वडील आले, हा तिसरा; नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या पिढीतील स्त्रीच्या तोंडी तर ‘ते’ म्हणजे एकच व्यक्ती. बोलीत पहिला अर्थ ‘ते आलं’ असा वेगळा पडतो, पण सर्वनाम तेच राहते. घरचे वडीलधारे माणूस, दाराबाहेरचा जमाव आणि चालणारे मढे यांना एकाच सर्वनामाने दाखवणाऱ्या भाषेत झोंबीपटाची निम्मी पटकथा आधीच लिहून ठेवलेली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरात काही अनोळखी माणसे अडकतात, बाहेर मेलेले जमतात, आणि रात्र सरते, इतकेच कथानक. अल्प पैशांत, कृष्णधवल फितीवर केलेल्या या चित्रपटावर नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. त्यामुळे तो सर्वांच्या मालकीचा झाला, आणि त्याची नक्कल करणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. नकला रक्ताच्या झाल्या. चित्रपटाची खरी बांधणी मात्र बोलण्यावर आहे. आरंभी स्मशानात भाऊ बहिणीला चिडवतो की ते तुला न्यायला येत आहेत. थट्टेतील तो ‘ते’ लगेच खरा होतो, आणि अखेरीस त्याच जमावातून पुढे झालेला हात त्या भावाचा असतो. तळघरातील आई मेलेल्या मुलीशी शेवटच्या क्षणापर्यंत बोलत राहते. मुलगी तिला जिवे मारीत असतानाही आईच्या भाषेतील द्वितीय पुरुष सुटत नाही. या प्रसंगाची भीषणता हत्यारात नाही. ती उत्तर न येणाऱ्या संबोधनात आहे.

आणि मग सकाळ होते. बेन हा कृष्णवर्णीय नायक रात्रभर झुंजून एकटा वाचला आहे. बंदुका घेतलेली, बहुतांशी गौरवर्णीयांची टोळी शेतातून पुढे येते, खिडकीत काही हलते, आणि एक गोळी सुटते. कोणीही हाक मारीत नाही. ‘कोण आहे?’ एवढा प्रश्न पुरला असता. बेन बोलू शकत होता. त्यानंतर त्याचे शरीर आकड्यांनी ओढून इतर मढ्यांबरोबर चितेवर टाकले जाते. बेनच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स यांची निवड वर्णाकडे पाहून केलेली नव्हती, असे दिग्दर्शक सांगत. ते खरे मानले तरी काही बिघडत नाही. अमेरिकेत कोणाला हाक न मारता गोळी घातली जाते याचे उत्तर त्या देशातील प्रेक्षकाला ठाऊकच होते, आणि चित्रपटाने त्यासाठी वेगळे रूपक उभारले नाही. त्याने फक्त एक न विचारलेला प्रश्न दाखविला.

येऑन सांग-हो यांच्या २०१६ सालच्या ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन चित्रपटाचा शेवट याच्या शेजारी ठेवून पाहावा. आगगाडीचा भयंकर प्रवास संपल्यावर एक लहान मुलगी आणि एक गरोदर स्त्री अंधाऱ्या बोगद्यातून चालत येतात. पलीकडे सैनिक नेम धरून उभे आहेत. समोरच्या आकृती जिवंत की मृत हे त्यांना दिसत नाही, आणि गोळी घालण्याचा हुकूम मिळालेला आहे. इतक्यात मुलगी रडत रडत गाणे म्हणू लागते. ते गाणे तिला शाळेत पुरे करता आले नव्हते. सैनिक बंदूक खाली घेतो. दोन्ही प्रसंगांचा प्रश्न एकच: समोरून आवाज येतो का, आणि ऐकण्याइतका वेळ बंदूक थांबते का. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन देशांनी त्याची दोन उत्तरे दिली. कोरियन चित्रपटात भावविवशता अधिक आहे, बापाच्या निरोपाचा प्रसंग तर नको तितका रेंगाळतो. पण बोगद्यातील ती दोन मिनिटे केवळ भावविवशतेने साधलेली नाहीत.

या दृष्टीने पाहता झोंबी धावावा की चालावा हा बहुचर्चित वादही निराळा दिसू लागतो. डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’मध्ये (२००२) रोग काही सेकंदांत भिनतो. एका बापाच्या डोळ्यात बाधित रक्ताचा थेंब पडतो. तेवढ्या सेकंदांत तो लेकीला सांगतो की तुझ्यावर माझे प्रेम आहे, आणि लगेच तिला दूर राहण्यास ओरडून बजावतो. वेगाचे महत्त्व एवढ्यापुरतेच की, बोलायला उरलेला वेळ त्याने मोजला जातो. एडगर राइट यांनी ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये (२००४) तीच गोष्ट उलट्या बाजूने हाताळली. नायक सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो आणि रस्त्यावरचे लोक मेले आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये ज्याला निव्वळ संबंध टिकविणारे बोलणे म्हटले, ते ‘काय, कसं काय’ इतके यांत्रिक झाले असेल तर त्यातून जीव निघून गेल्याचे कळायचे कसे? हा विनोद हसून झाल्यावरही सलत राहतो. उलटपक्षी कॅनडातील ‘पाँटिपूल’ (२००८) हा चित्रपट भाषाशास्त्राच्या वर्गात हटकून दाखवावा असा आहे. त्यात रोगाचे जंतू इंग्रजीतील शब्दांतच असतात, आणि नभोवाणीवरचा निवेदक शब्दांचे अर्थ फिरवून ते निर्जंतुक करू पाहतो. कल्पना अत्यंत हुशार. मात्र थोर चित्रपट म्हणून त्याचा निर्वाळा देता येत नाही. तेथे सिद्धान्ताला इतकी जागा लागली आहे की माणसांना ती उरलेली नाही. रोमेरो यांच्याच ‘डे ऑफ द डेड’मधील (१९८५) बब हा शिकवलेला झोंबी टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून घशातून शब्दासारखे काही काढू पाहतो, तो एक क्षण या साऱ्या सिद्धान्ताहून भारी आहे.

भारतीय प्रयत्नांपैकी ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा राज व डीके यांचा हिंदी चित्रपट प्रथम नामकरणाच्या अडचणीत सापडतो आणि तिच्यातूनच विनोद काढतो. समोरचे संकट भूत की आणखी काही, यावर गोव्यातील बेटावर अडकलेली पात्रे वाद घालतात. गोव्याच्या भूमीवर बेताळाची देवळे आहेत, याची मात्र चित्रपटाला दखल नाही. ही तक्रार थोडी पंडिती आहे, हे मान्य. पण नवे मढे आले तेव्हा जुन्या मढ्याला एकदा विचारायला हरकत नव्हती.

‘झोंबिवली’ याहून गंभीर आहे. डोंबिवलीतील नव्या उंच इमारतीत राहायला आलेला सुधीर हा अभियंता, त्याची गरोदर पत्नी सीमा, आणि शेजारच्या जनता नगर या वस्तीतील विश्वास हा तरुण, यांच्याभोवती कथा फिरते. (भूमिका अनुक्रमे अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांच्या.) भांडण पाण्याचे आहे आणि रोगही पाण्यातूनच येतो. हैतीच्या झोंबीमागे साखर होती, येथे पाणी आहे. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून नळाला पाणी येण्याच्या दिवसावर आठवडा आखण्याची सवय ज्या शहराला दीर्घकाळ राहिली, त्या सोलापुरातील प्रेक्षकाला ही योजना कोणीही समजावून देण्याची गरज नाही. चित्रपटाचे बलस्थान असे की, मेलेले उठण्यापूर्वीच इमारत आणि वस्ती यांच्यातील द्वितीय पुरुष संपलेला आहे. ती दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांविषयी बोलतात. ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग मध्यमवर्गीय मराठीत किती सहज वापरला जातो, हे निराळे सांगायला नको. संकट आल्यावर गच्ची आणि गल्ली यांना परस्परांना हाक मारावी लागते, आणि तेथे चित्रपट सर्वांत जिवंत होतो.

मग तो थोर का होत नाही? विनोदाची त्याला घाई आहे. प्रसंग थांबावा, एखाद्या माणसाने ओळखीच्या चेहऱ्याला नावाने हाक मारावी आणि उत्तर न आल्याचे ऐकू यावे, एवढी उसंत तो देत नाही; त्याआधीच कोटी होते किंवा पळापळ सुरू होते. पाण्यात दोष कोणाचा, हे एकदा ठरले की भीतीला पत्ता मिळतो, आणि पत्ता असलेली भीती म्हणजे पुन्हा जुने गाऱ्हाण्याचे भूत. असे असले तरी पहिल्याच मराठी प्रयत्नाने प्रश्न योग्य जागी, म्हणजे कुंपणावर, ठेवला याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पुढच्या दिग्दर्शकाला मराठीच्या बोलींचेही भांडवल उपलब्ध आहे. वस्तीतील मराठी व इमारतीतील मराठी यांचे हेल वेगळे असताना अंधारातून आलेल्या हाकेला कोण ‘ओ’ देईल, हे अजून कोणी दाखविलेले नाही.

सोलापुरात हा विचार मराठीपाशी थांबू शकत नाही. येथे एकाच पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलली जाते, आणि परदेशी भीतिपट पुष्कळदा भाषांतरित आवाजातच पाहिले जातात. दखनीला नपुंसकलिंग नाही. तिच्यात मढेही पुरुष किंवा स्त्रीच राहते. कन्नडमध्ये ‘अवनु’ हा पुरुष, ‘अवळु’ ही स्त्री आणि ‘अदु’ ही वस्तू किंवा जनावर. ‘देव्व’ म्हणजे भूत तेही ‘अदु’. अनेकवचनात तर माणसांसाठी ‘अवरु’ आणि इतरांसाठी ‘अवु’ असे दोनच मार्ग उरतात. तेलुगूत एकवचनी स्त्रीलाही वस्तूचेच ‘अदि’ हे सर्वनाम व क्रियापदाचे तेच रूप लागू शकते, पण अनेकवचनात स्त्रिया माणसांच्या रांगेत परत येतात. मराठी ‘ते’ जमाव आणि मढे यांना एकाच पांघरुणाखाली झाकतो. कन्नड भाषांतरकाराला दाराबाहेरच्या गर्दीसाठी प्रत्येक वाक्यात अवरु की अवु हे ठरवावेच लागते. १९६८ च्या चित्रपटातील ती सकाळ कन्नडमध्ये उतरवायची झाली, तर खिडकीतील बेनकडे बोट दाखविणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘अदु’ घालावे लागेल. रात्रभर बेनला ‘अवनु’ म्हणत आलेल्या प्रेक्षकाला, बंदूक सुटण्यापूर्वी, ते एक अक्षर ऐकू येईल.